एकशे चौदाचा नमस्कार

आमच्या भागात त्या काळी मुलगी बघायला आलेली शहाणी माणसं आधी पुढच्या पडवीत बसत नसत. पाय धुण्याच्या निमित्ताने ती मागीलदारी जात आणि गोठा बघत. गायीने त्यांच्याकडे बघून रवंथ चालू ठेवला, तर चहा घ्यायचा. गायीने लाथ झाडली, तर "आमका आणखी एके ठिकाणी जावचा आसा" म्हणून वाटेला लागायचं. यामागे शास्त्र होतं. घरातली बाई ज्या हाताने पेज वाढते त्याच हाताने गाय पिळते. तेव्हा त्या घरातला राग हातातून आचळात, आचळातून गायीत उतरतो आणि दुधावाटे पुन्हा घरात येतो, असं ते शास्त्र. ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यात चूक काढायची सोय नव्हती.

मी तेव्हा, म्हणजे एकोणीसशे एकोणसाठ साली, सरकारच्या गुरांच्या खात्यात स्टॉकमन होतो. मूळचा कुडाळचा, वय चोवीस. गुरांना लशी टोचणं, सरकारी वळूंच्या नोंदी ठेवणं आणि मोठे साहेब आले की त्यांची छत्री धरणं ही माझी कामं. लोक मला डाक्तर म्हणत. मी त्यांना एकदाही दुरुस्त केलं नाही.

मालवण तालुक्यातलं बांदखोल हे गाव माझ्याकडे होतं, आणि त्या गावात खात्याचा वळू नंबर एकशे चौदा. आधी तो तीन वर्षं तारकर्लीला होता. वळूच्या मुली वयात यायच्या आत त्याची बदली करायची, असा नियम. त्यानुसार पंचावन्नच्या दिवाळीनंतर त्याला बांदखोलात आणला. तारकर्लीकरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि गाडीमागून अर्धा मैल चालत आले. मला वाटलं, काय हा जिव्हाळा! तो परत फिरत नाही ना, एवढंच ते बघत होते, हे मला पुढे उमगलं.

दिसायला तो देखणा. तांबूस रंग, लांब कान, डोळे काजळ घातल्यासारखे. त्याची खोड एकच होती. नवखा माणूस जवळ आला की तो दोनदा शिंकायचा. मग पुढचे दोन्ही गुडघे टेकून मस्तक जमिनीला लावायचा. बघणाऱ्याला गहिवरून यायचं. माणूस आशीर्वाद द्यायला वाकायचा, आणि त्यापुढचं त्या माणसाला कधीच नीट आठवत नसे.

बांदखोलात त्याला बारा वासरं झाली. बाराच्या बारा शिंकायची आणि नमस्कार करायची. पण हे कुणी कुणाला सांगायचं नाही. कारण आपलं वासरू मारतं असं सांगणं म्हणजे आपल्या घरात भांडणं होतात अशी दवंडी पिटणं. त्यामुळे हात गळ्यात बांधलेला माणूस भेटला आणि "काय झाला रे?" विचारलं, की उत्तर ठरलेलं: "माडावरसून पडलंय." त्या तीन वर्षांत माझ्या हिशेबाने बांदखोलात सतरा माणसं माडावरून पडली. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका होत्या.

अशात चैत्रात पत्र आलं. पुण्याचे डॉक्टर श्रीपाद आगटे एकशे चौदाच्या संततीचा स्वभाव तपासायला येणार. वळू चार गावांत राहिलेला. तीन गावांची तपासणी त्यांच्या मदतनिसांनी उरकली होती, चौथं गाव ते स्वतः बघणार होते. स्वभाव वाईट निघाला तर वळू गावातून हलवण्यात येईल, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे पीडा टळायला फक्त खरं बोलायचं होतं.

आदल्या दिवशी दुपारी मी यादी करायला गेलो, तेव्हा रवळनाथाच्या देवळात गाव जमलं होतं. वळू समितीचे अध्यक्ष भाई परब खांबाला टेकून बसले होते आणि समोर हौसाबाई उभी होती. हौसाबाई विधवा. घरात ती आणि मुलगी सीता, गोठ्यात एकशे चौदाची मुलगी मोगरी. सीता बावीस वर्षांची झाली होती. तिची दोन स्थळं मोगरीने परतवली होती. पहिल्या वेळी मुलाचा मामा आशीर्वाद द्यायला वाकला. दुसऱ्या वेळी प्रत्यक्ष मुलगाच वाकला. तिसरं स्थळ तारकर्लीचं, बाबली केळुसकराचं. मुलगा सत्यवान मुंबईला गोदीत कामाला. बाबली आणि त्याची बायको सीतेला बघायला नेमके दुसऱ्याच दिवशी यायचे होते.

"भाईनू, खरां आसा तां सांगा," हौसाबाई म्हणाली. "सायब ढोरां बघतलो, बैलाक घेवन जातलो. सगळ्यांची सुटका."

"आणि मगे ह्या गावातली चेडवां कोण करून घेतलो?" भाई म्हणाले. "बारा गोठे, बारय गोठ्यांत मारकी ढोरां. सरकारी कागदार चढला काय तालुक्याक कळात, बारय घरांत काय चलता तां."

"माझ्या घरात मी आणि माझा चेडू. भांडूक तिसरा माणूस नाय."

"दोन बायका पुरे झाल्यो," मागून कुणीतरी म्हणालं.

प्रश्न सुटेना तेव्हा देवाला कौल लावायचं ठरलं. गुरवाने देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला पाकळ्या चिकटवल्या. भाई उठले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा! उद्या पुण्याचो सायब गावात येवचो आसा..."

"होय महाराजा!" गाव म्हणालं.

"बारा घरांची अब्रू तुझ्या पायाकडे आसा. ती ऱ्हवांदे असा तुझ्या मनात आसात, तर उजवो कौल दी!"

"होय महाराजा!"

उजवी पाकळी टपकन पडली.

"देवान सांगल्यान," भाई वळून म्हणाले. "वासरांका माडी पाजूची."

हौसाबाईने कपाळाला हात लावला. "देवाक माडी खंय इचारलास? अब्रू इचारलास."

"देवाक बारीकसारीक इचारूचा नसता."

माडी म्हणजे माडाची दारू, आणि ते दारूबंदीचे दिवस होते. माडी काढणं गुन्हा, बाळगणं गुन्हा, पिणं गुन्हा. त्यामुळे ती बांदखोलात कुठेच नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत बारा कळश्या भरतील एवढी कुठून येणार हे कुणी विचारलं नाही. कोंड्यात कालवून वासरागणिक एक कळशी, असं प्रमाण ठरलं. हौसाबाईने माझ्याकडे बघितलं. मी सरकारी माणूस. मी देवाकडे बघितलं.

मग ती हळूच भाईंना म्हणाली, "माझी कळशी जरा मोठी धाडा. मोगरी आंगान भरलेली आसा." बिचारी काय करणार? तिच्या घरी उद्या बाबली केळुसकर येणार होता.

सकाळी भाईंच्या पडवीत त्यांनी माझ्यापुढे पेला ठेवला. "थंड आसा. नीरा समजा." नीरा समजून मी दोन पेले घेतले. ती नीरा नाही हे माझ्या लक्षात तिसऱ्या पेल्याला आलं, आणि त्या क्षणी माझं तोंड कायमचं बंद झालं. भाई परब हा मनुष्य समितीचा अध्यक्ष उगाच नव्हता.

तिथून मी हौसाबाईला बोलवायला गेलो, तर मागीलदारी मायलेकींचं जुंपलं होतं. सीता कळशी उपडी करून माडाच्या मुळात ओतत होती.

"मेल्या चेडवा, काय केलंस गो तू ह्यां!"

"माडाचा माडाक दिलंय."

"अगो, आज बाबली येतलो! मोगरेन तेका आडवो केल्यान तर तुका जलमभर हयच बसूचा लागात!"

"आये, माझा आयक. मोगरेक माडी पाजून माका त्या घरात धाडतलंस. थंय जावन मी रोज काय पिवन ऱ्हवू?"

हौसाबाईने रिकामी कळशी उचलून आत बघितलं. सीतेच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नव्हतं. शिवाय माझ्या तोंडाला वास येत असल्यामुळे मी ते चार हात लांबूनच दिलं नाही.

डॉक्टर आगटे नऊ वाजता जीपमधून उतरले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात तक्ता. देवळासमोर सारा गाव बसला होता. त्यापुढे त्यांनी दोन शब्द बोलून घेतले. गुरांचा स्वभाव हाही दुधासारखाच मोजता येतो, असं ते म्हणाले. आपण स्वतः पुण्याच्या दारूबंदी प्रचार मंडळाचे सभासद आहोत, आणि या निर्व्यसनी किनाऱ्यावर येऊन आपल्याला प्रसन्न वाटतं, असंही म्हणाले. गावाने टाळ्या वाजवल्या.

तपासणी सोपी होती. साहेबांनी वीस पावलांवरून वासराकडे चालत जायचं; ते किती अंतरावर बिचकतं ते बघायचं. मग पाठीवर हात फिरवायचा, कासेजवळ बसल्यासारखं करायचं. एकदम शांत त्याला पाच गुण, मारकं त्याला एक. गुण मी लिहायचे.

पहिलं वासरू बिचकलं नाही. साहेब जवळ गेले, पाठीवर हात ठेवला, तर त्याने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. पाच गुण. दुसऱ्याने साहेबांचा हात चाटला आणि नंतर बराच वेळ स्वतःचंच नाक चाटत राहिलं. पाच. चौथा पाडा चार पाय चार दिशांना रोवून उभा होता. पृथ्वी फिरते हे त्या सबंध मैदानात त्या एकट्यालाच जाणवत होतं. पाच. सातवं वासरू घोरत होतं. साहेबांनी तक्त्यात घोरण्याला रकाना शोधला, सापडला नाही, तेव्हा त्यालाही पाच.

मी पाचावर पाच लिहीत होतो. मला वाटलं होतं, दोन-तीन वासरं जरा मवाळ होतील. अकरा जनावरं अशी साधुसंतांसारखी रांगेत येतील हे मला स्वप्नातही आलं नव्हतं. गाववाल्यांनाही नव्हतं. ज्या पाड्याने भाईंचा खांदा निखळवला होता, तो साहेबांच्या टोपीवर डोकं घासताना बघून भाईंचं तोंड उघडं राहिलं होतं.

"या कोंड्याला आंबूस वास कसला येतो हो?" साहेबांनी मला विचारलं.

"खारी हवा," मी श्वास आत ओढून म्हणालो.

"विलक्षण आहे," साहेब पुटपुटले. "बाकीच्या तीन गावांत याच वळूची सगळी संतती मारकी निघाली. माझा एक मदतनीस अजून इस्पितळात आहे."

"माडावरसून पडले?" भाईंनी सवयीने विचारलं.

एवढ्यात पिंपळाच्या पाराशी एक जोडपं येऊन उभं राहिलं. बाबली केळुसकर आणि त्याची बायको रुक्मिणी. बाबली उंच, काळा, गलबतावर आयुष्य गेलेला. चालताना एका कुशीवर किंचित कलायचा. सारी गुरं देवळापुढे आहेत म्हटल्यावर तो हौसाबाईच्या गोठ्याकडे न जाता तडक इकडे आला होता. रुक्मिणी त्याच्यापासून दोन हात अंतर राखून उभी होती, आणि ते अंतर आजचं दिसत नव्हतं.

"बारावं," साहेब म्हणाले.

सीतेने मोगरीला आणलं. दावं धरलं होतं, मान ताठ. मोगरीचे डोळे लख्ख होते. त्या सबंध मैदानात पूर्ण शुद्धीवर असलेली ती, सीता आणि साहेब अशी तिघंच.

साहेब वीस पावलांवरून निघाले. मोगरी शिंकली.

माझ्या शेजारचे तिघे देवळाच्या खांबांआड गेले.

मोगरी दुसऱ्यांदा शिंकली, पुढचे गुडघे टेकले आणि मस्तक जमिनीला लावलं. सीता म्हणाली, "सायबानू, मागे सरा. ही मारता." पण अकरा वासरांनी साहेबांचं मन आधीच लोण्यासारखं करून ठेवलं होतं.

"अहो, हिच्यावर तर संस्कार आहेत!" असं म्हणून त्यांनी वाकून तिच्या मस्तकावर हात ठेवला.

पुढच्या क्षणी ते तिथे नव्हते. देवळाच्या कुंपणाशी सोललेल्या नारळांच्या सोडणांचा ढीग होता, त्यातून दोन पाय आणि एक तक्ता बाहेर दिसत होता. टोपी पिंपळावर होती.

  हौसाबाई होती तिथेच खाली बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. तिसरं स्थळ गेलं होतं, तेही सबंध गावासमोर, सरकारी कागदावर.

तेवढ्यात बाबली केळुसकर पुढे आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पवळी," तो म्हणाला. "ही आमची पवळी!"

"पवळी घराक आसा," रुक्मिणी मागून म्हणाली. "काळी आसा. ही तांबडी."

"रंग नको बघू गो. नमस्कार बघ! दोन शिंको, मगे गुडघे, मगे..." त्याने नकळत बरगडीवर हात ठेवला. मग सीतेकडे वळला. "चेडवा, हिका ह्यां कोणी शिकयल्यान?"

"कोण शिकयतलो? जलमल्या दिवसापासून करता."

"हिचो बापूस कोण?"

सीतेने बोट दाखवलं. देवळामागे खुंट्याला एकशे चौदा बांधलेला होता. बाबली दहा पावलं गेला आणि थबकला. एकशे चौदाने मान वर केली आणि तो शिंकला. दुसरी शिंक यायच्या आत साठीचा बाबली केळुसकर उडी मारून खांबामागे होता.

"ह्यो तारकर्लेक होतो!" तो तिथूनच ओरडला. "तीन वर्सां आमच्याकडे होतो ह्यो! पवळी हेचीच!"

मग त्याने मागे वळून बघितलं. रुक्मिणी त्याच्याकडेच बघत होती.

"आता बोला," ती म्हणाली.

"रुक्मिणी, लोक आसत."

"आसांदे. लोकांनी आयकूक होया. चार वर्सां सांगतास, रुक्मिणीची जीभ पवळेच्या शिंगात गेली. चार वर्सां माका गोठ्यात पाय ठेवूक दिलास नाय. तुमी स्वतः पिळूक बसलास, तीन बरगडे मोडून घेतलास, आणि लोकांका काय सांगितलास?"

"माडावरसून पडलंय," बाबली खाली बघून म्हणाला.

बांदखोलातल्या सतरा जणांनी एकमेकांकडे बघितलं.

आतापर्यंत साहेबांना ढिगातून काढलं होतं. केसांत सोडणाचे धागे, सदऱ्याची एक बाही गेलेली. पण डोळे चमकत होते. दोन गायी, एकमेकींना कधी न बघितलेल्या, मध्ये खाडी. मदतनिसांच्या कागदांत नुसते गुण होते, शिंका कुणी लिहिल्याच नव्हत्या. आणि इथे शिंका दोन त्या दोनच! त्यांनी बाबलीला तीन वेळा तेच तेच विचारलं आणि तक्त्याच्या मागे लिहून घेतलं.

"हा हाताचा गुण नव्हे, रक्ताचा आहे," ते गावाकडे वळून म्हणाले. "राग आचळातून चढत नाही. जन्माबरोबर येतो. थोडा आईकडून, थोडा बापाकडून."

"बापाशीकडसून पण?" रुक्मिणीने विचारलं.

"निम्मा तरी."

"बरा झाला सांगितलास. आमचो सत्यवान बोटभर गोष्टीर पिसाळता, तेचो निम्मो हिशेब मी घराक जावन करतंय."

मला त्या गर्दीत हसू आलं नाही, कुणालाच आलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं शास्त्र सोडणांच्या ढिगाबरोबर उधळलं गेलं होतं. कितीक मुलींची लग्नं गायींनी मोडली होती, कितीक बायकांनी गायींच्या लाथांबद्दल बोलणी खाल्ली होती. एक म्हातारी उठली आणि घरी गेली. तिच्या सुनेने हे ऐकलं होतं.

भाई परब हळूच पुढे आले. "सायबानू, म्हंजे... आमच्या वासरांनी मारला आसता, तरी तो दोष आमच्या घरांचो नाय?"

"मुळीच नाही!"

"अब्रूचो प्रश्नच नाय?"

"छे! पण तुम्हाला काय चिंता? तुमची मारतच नाहीत."

भाईंनी तोंड उघडलं.

"सांगा मां आता, भाईनू," हौसाबाई खालूनच म्हणाली.

खरं सांगायचं म्हणजे माडी सांगायची. माडी सांगायची म्हणजे अकरा घरं तुरुंगात, आणि समोर दारूबंदी मंडळाचा सभासद. भाईंनी तोंड मिटलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तीन पेल्यांचा धनी. मी पिंपळावरची टोपी काढायला गेलो.

साहेब जीपमध्ये बसता बसता तक्त्यावर आकडे मांडत होते. अकरा शांत, एक मारकं. इतर गावांत सगळीच मारकी. ते स्वतःशी पुटपुटले, "वळू तोच. मग फरक कुठे? आयांत! या गावच्या गायींचं रक्तच थंड आहे." गणित बिनचूक होतं. त्यात फक्त माडी धरलेली नव्हती.

जीप गेली आणि गाव घरोघर पांगलं. बाबली आणि रुक्मिणी हौसाबाईच्या पडवीत येऊन बसली. मला तिथे राहायचं कारण नव्हतं. पण तिसरा पेला अजून पायांत होता, म्हणून बसलो.

हौसाबाईने चहा पुढे केला.  "आता काय तां बोलून टाका," ती म्हणाली. "मी मोगरेची बाजू घेवचंय नाय. दोन स्थळां तिनाच मोडल्यान."

बाबलीने चहाचा घोट घेतला. "मी माडांत जलमलंय, हौसाबाय. आज देवळाकडे पाऊल टाकलंय तेवाच वासान कळला, त्या वासरांका काय पाजलांनी तां. एकाच घराचा ढोर जसा आसा तसा इला. तां कसा काय?"

हौसाबाईला तेव्हा श्रेय घेता आलं असतं. मुलीचं लग्न समोर होतं, आणि विचारणारा तयारीत होता. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"माझ्याकडसून नाय," ती म्हणाली. "मी कळशी मोठी मागान घेतलेलंय. चेडवान ओतून दिल्यान."

बाबलीने रुक्मिणीकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला काही विचारलं असावं, कारण तिला उत्तर द्यायला वेळ लागला.

"माका ह्यां घर पसंत आसा," ती म्हणाली. "माका चार वर्सांत कोण खरां बोलणारा मेळूक नाय."

सीता बाहेर आली. पदर सारखा केला आणि सासऱ्यांना नमस्कार करायला वाकली. आणि तिचं मस्तक खाली जाताच बाबली केळुसकर पाटासकट मागे सरकून खांबाआड गेला.



सीतेने वाकल्या-वाकल्याच मान वर केली. "मामानू, भिया नकात. मी शिंकूक नाय अजून."

रुक्मिणी हसली. पहिल्यांदा जरा, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि ते पाणी सगळंच हसण्याचं होतं असं मला वाटलं नाही. बाबली खांबामागून बाहेर आला आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवायच्या आधी त्याने तो क्षणभर हवेत धरला. सवय म्हणायची.

लग्न वैशाखात बांदखोललाच झालं. मला बोलावणं होतं, पण मी मुहूर्ताला पोचलो नाही, कारण त्या दिवशी खात्याने माझ्याकडे ट्रक आणि एक पत्र दिलं होतं. पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती, वऱ्हाड निघायच्या तयारीत होतं, सीता हिरव्या चुड्यात देवळापुढे उभी होती आणि सत्यवान तिच्या शेजारी घाम पुसत होता. ट्रक बघून भाईंना वाटलं, बैल न्यायला आला. ते धावत आले.

मी ट्रकच्या फळीवर उभं राहून पत्र वाचलं. बांदखोल येथील गायींच्या ठायी मारक्या वळूचा दोष निवारण्याचा अपूर्व गुण आढळल्याबद्दल खातं ग्रामस्थांचं अभिनंदन करत होतं. वळू नंबर एकशे चौदा याला बढती देऊन जिल्ह्याच्या पैदास केंद्रात नेण्यात येत होतं. भाईंनी हात जोडले. गाव म्हणालं, "होय महाराजा!"

पत्र अजून संपलं नव्हतं. स्वभावदोषामुळे इतर तालुक्यांनी परत पाठवलेले एकशे चौदाचे तीन सख्खे भाऊ सदर गुणाचा लाभ व्हावा म्हणून बांदखोल येथे कायम ठेवण्यात येत होते. मुलींजवळ बाप ठेवायला नियमाची मनाई होती. काकांबद्दल नियमात काही नव्हतं.

ड्रायव्हरने मागची फळी पाडली. पहिला खाली उतरला. तांबूस, लांब कानांचा, डोळे काजळ घातल्यासारखे. त्याने वऱ्हाडाकडे बघितलं, नवरानवरीकडे बघितलं आणि दोनदा शिंकला.

"आडोशाक धावा!" बाबली ओरडला.

मी आजवर इतकी माणसं इतक्या लवकर देवळात जाताना बघितलेली नाहीत. दार लागलं. आत अंधारात सगळे चिकटून उभे होते: वऱ्हाड, गाव, भटजी आणि नंदादीप. बाहेर तीन जनावरांच्या खुरांचा आणि कुणाच्या तरी छत्रीचा आवाज येत होता. 

मग त्या अंधारातून नव्या नवरीचा आवाज आला.

"भाईनू, आता तीन झाले. माडी पुरी पडात मां?"